दगड भंगारात जाण्यापूर्वी

नागपूरजवळच्या हिंगण्यात आज चित्रांचा तुटवडा नाही. लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनपासून वानाडोंगरीकडे आणि तिथून हिंगणा गावाकडे जाताना चौकाचौकांत फ्लेक्स लागलेले दिसतात: कुणाचा वाढदिवस, कुठल्या क्लासचा निकाल, कुठल्या लेआउटमधले प्लॉट. घरात देवादिकांचे कॅलेंडर असते, दुकानाच्या गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर असते आणि हातातल्या मोबाईलवर तर चित्रांना खंडच नसतो. इतकी चित्रे इतक्या स्वस्तात या भागातल्या माणसाच्या वाट्याला याआधी कधी आली नव्हती. पण याच तालुक्यातल्या एखाद्या मुलीला स्वतः काढलेल्या चित्राच्या पन्नास प्रती स्वतःच्या हाताने छापून गावात वाटाव्यात असे वाटले, तर तिने जायचे कुठे? झेरॉक्स निघेल, डिजिटल प्रिंटही मिळेल. मात्र त्यात तिचे काम चित्र काढून झाले की संपते. शाई किती लावायची, कागद कोणता घ्यायचा, एखादी रेघ छापताना दाट करायची की विरळ, हे ठरवणारे यंत्र दुसऱ्याचे आणि त्याची बटणेही दुसऱ्याच्या हाताखालची.

चित्र मिळणे सोपे होत गेले तसतसे चित्र छापण्याचे साधन सामान्य माणसाच्या हातून निसटत गेले. पहिल्या गोष्टीला आपण ‘कला लोकांपर्यंत पोहोचली’ म्हणतो. दुसरीची नोंदच ठेवत नाही. शिळाछापाचा, म्हणजे लिथोग्राफीचा, महाराष्ट्रातला इतिहास पाहिला तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडत गेल्या ते स्पष्ट दिसते. हा इतिहास आज सांगण्याचे कारण एवढेच, की यातली दुसरी गोष्ट अजून दुरुस्त करता येण्याजोगी आहे, आणि ती सोय फार काळ राहणार नाही.

शिळाछापाचा जन्मच मुळी पैशाच्या अडचणीतून झाला. बव्हेरियातल्या म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर हा तरुण नाटके लिहीत असे. ती छापून घेण्याचा खर्च त्याला झेपत नव्हता, म्हणून तो घरच्या घरी छपाईचे प्रयोग करू लागला. १७९६ च्या सुमारास त्याच्या हाती ही युक्ती लागली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिची पक्की पद्धत झाली. ठसा कोरायचा नाही, अक्षरे उठावाची करायची नाहीत. बारीक दाण्याच्या चुनखडीचा दगड वाळू आणि पाणी घालून घासून सपाट करायचा. त्यावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या कांडीने किंवा पातळ शाईने चित्र काढायचे. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक ॲसिड मिसळून ते दगडावर फिरवायचे. जिथे तेलकट रेघ आहे तिथे ती दगडाशी रासायनिक रीतीने जोडली जाते; उरलेल्या जागी डिंकाचा पातळ थर बसतो आणि तो पाणी धरून ठेवतो. ओल्या दगडावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर चिकटते. कागद ठेवून दाब दिला की प्रत तयार. काम संपल्यावर दगड पुन्हा घासायचा. तो पुढच्या चित्राला मोकळा होतो.

तेल आणि पाणी एकमेकांना मानवत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर हे सगळे उभे आहे. कोरीव कामासाठी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागते. इथे ज्याला कागदावर रेघ ओढता येते त्याला दगडावरही ओढता येते. चित्रकाराचा हात आणि छापील प्रत यांच्यामध्ये तिसऱ्याचे कोरणे येत नाही. म्हणून या तंत्राने चित्र स्वस्त केले, याहीपेक्षा छापणे जवळ आणले हे मला महत्त्वाचे वाटते.

मराठीला या जवळिकीचा फायदा फार लवकर मिळाला. देवनागरीचे खिळे पाडणे म्हणजे जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचा डोंगर. मोडीचे तर विचारायलाच नको. दगडावर मात्र लेखनिकाने बोरूने लिहिले तसेच छापून निघे. त्यामुळे १८२० च्या दशकातच मुंबईत शाळेची मराठी पुस्तके शिळाछापावर निघू लागली. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम पाहिले, शिकून घेतले, स्वतः शाई करून पाहिली आणि मुंबईत स्वतःचा छापखाना घातला. १८४१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून छापलेली पोथी सोवळ्यात चालत नसे. त्यावर तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या. ही गोष्ट अनेकदा गमतीने सांगितली जाते, पण मला तिच्यात छापणाऱ्याचे स्वातंत्र्य दिसते. शाई काय घालून करायची हे त्याच्या हातात होते, म्हणून वाचकाची अडचण त्याला स्वतःच्या कारखान्यात सोडवता आली. साधन हाताशी असणे याचा अर्थ हा.

पुढच्या काळात पोथ्यांत चित्रेही आली. राम, कृष्ण, पांडव यांच्या कथा सांगणाऱ्या शिळाछापी पोथ्यांतली ती चित्रे आज पाहिली तर हात कच्चा वाटतो, माणसांची डोकी मोठी आणि पाय आखूड दिसतात. पण त्यातला प्रत्येक चितारी वेगळा ओळखू येतो.

१८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. त्याच वर्षी कोलकात्यात ‘कलकत्ता आर्ट स्टुडिओ’ उभा राहिला. देशाच्या दोन टोकांना एकाच वर्षी रंगीत शिळाछापाची दुकाने निघावीत यात काळाची गरज दिसते. निबंधमाला लिहिणाऱ्या माणसाला चित्रांचा छापखाना का काढावासा वाटला असेल? निबंध वाचू शकणारे त्या काळी मूठभर होते. राम पंचायतन किंवा नाना फडणवीस यांचे चित्र पाहू शकणारे सगळेच. चित्रशाळेने देवांबरोबर पेशवाईतली माणसे घराघरांत नेली आणि इतिहासाची आठवण भिंतीवर टांगली. चिपळूणकरांना चित्राचे राजकारण नीट कळले होते.

मग आले राजा रविवर्मा. १८९४ साली मुंबईत गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला; यंत्रे जर्मनीची आणि कारागीरही जर्मनीचे. शकुंतला जन्माचे चित्र हे तिथले पहिले काम. प्लेगाच्या साथीने मुंबईत धंदा करणे कठीण झाले तेव्हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. तैलचित्रावरून एकेका रंगासाठी एकेक दगड तयार करायचा, प्रत्येक दगड अचूक त्याच जागी बसेल असा कागदावर छापायचा, वर व्हार्निश द्यायचे, असा हा ओलिओग्राफ. त्या लक्ष्मीला आणि सरस्वतीला लोकांनी जरीची साडी चिकटवली, खडे लावले, फुले वाहिली. ज्यांना देवळाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्याही घरात देवीचे दर्शन काही आण्यांत आले. हे काम लहान नाही. रविवर्म्याच्या ओलिओग्राफला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की देवाची प्रतिमा कुणी पाहायची आणि कुणी पाहायची नाही, हे ठरवण्याचा जुना अधिकार या कागदाने मोडला.

पण याच यशात धोक्याची सुरुवात होती. मळवलीच्या दगडांवर ज्यांनी चित्रे उतरवली, ज्यांनी तैलचित्रातला एक साधा तांबूस गाल चार-पाच दगडांवर वाटून पुन्हा कागदावर एक केला, त्यांची नावे त्या प्रतींवर नाहीत. चित्र रविवर्म्याचे, छापखाना रविवर्म्याचा. दगडावरचा हात निनावी. छापखाना तोट्यात गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. पुढे देवांच्या चित्रांबरोबर लेबले आणि जाहिराती हेही तिथले काम झाले. त्या काळी गिरण्यांच्या ठाणांवर रंगीत चित्रांची लेबले लागत, साबण आणि बेबी फूडच्या जाहिरातींत देवता बसत. माणसांचे डोळे एका साच्याला सरावले. लक्ष्मी म्हटले की तीच लक्ष्मी, तसाच हत्ती, तसेच कमळ. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी, पैठणची कथाचित्रे, गावोगावच्या भिंतींवरची देवदेवता यांची पीछेहाट एकट्या रविवर्म्यामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजाश्रय गेला, करमणूक बदलली, हेही खरे. तरी एकच चेहरा लाखो घरांत पोहोचला आणि गावचा चेहरा गावातच पुसट झाला, या दोन घटना शेजारी शेजारी घडल्या. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला.

या हकिकतीत एक वेगळा धागाही आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. दादासाहेब फाळके यांनी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम केले, मग स्वतःचा छापखाना काढला, १९०९ साली तंत्र शिकायला जर्मनी गाठली. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. भारतीय चित्रपटाचा पहिला मोठा कारागीर छापखान्याच्या शाईतून वर आला. चित्र कसे बनते हे ज्याने दगडाजवळ उभे राहून पाहिले, त्याला पुढचे साधन घडवता आले. केवळ ओलिओग्राफ विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्यांतून असा माणूस निघणे शक्य नव्हते. साधनाची सुलभता आणि वस्तूची सुलभता यांतला फरक फाळक्यांच्या आयुष्यात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सत्ताधाऱ्यांना हा फरक नेहमीच कळत आला आहे. फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए याने राजा लुई फिलिपवर शिळाछापी व्यंगचित्र काढले आणि १८३२ साली सहा महिन्यांची कैद भोगली. १८३४ साली पॅरिसच्या रू ट्रान्सनोनँ रस्त्यावरच्या घरात सैनिकांनी रहिवाशांना ठार मारले. दोमिएने त्या घरातल्या एका खोलीतली प्रेते दगडावर काढली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची. लिहिलेल्या मजकुराला ती अट नव्हती. स्वस्त चित्राची भीती सरकारला होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती आज काढून उद्या सकाळी छापता येणाऱ्या चित्राची.

आता आपल्याकडे वळू. हिंगण्याहून दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांना तिथली पुस्तकांची आणि तसबिरींची दुकाने ठाऊक आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण घेऊन येणारा माणूस परतताना पुस्तक नेतो, बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे चित्र नेतो. ज्या घरात पूर्वी कुणाचीही तसबीर नव्हती तिथे हे चित्र गेले आणि त्या घराची भिंत बोलू लागली. ही चित्रे ऑफसेटवर छापलेली असतात आणि ऑफसेट ही शिळाछापाचीच लेक आहे. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला, १९०४ साली अमेरिकेत आयरा रुबेल याच्या यंत्रात मध्ये रबराचा पट्टा आला. पण तेल आणि पाण्याचे वैर तेच. आपली सकाळची वर्तमानपत्रे, मुलांची पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, औषधाच्या पुठ्ठ्याच्या डब्या, सगळे याच तत्त्वावर निघते. म्हणून शिळाछाप मेला असे म्हणणे चूक आहे. त्याचे तत्त्व रोज कोट्यवधी कागदांवर चालू आहे. नाहीसे होते आहे ते चित्रकाराने स्वतः छापखान्यात उभे राहणे.

दीक्षाभूमीवरच्या चित्रांकडे पाहताना मला एक काळजी वाटते आणि ती स्पष्ट बोलायला हवी. एवढ्या मोठ्या चळवळीत चित्रकार आहेत, कवी आहेत, गावोगाव भिंती रंगवणारे हात आहेत. विक्रीला मात्र बहुतेक वेळा त्याच ठरावीक छायाचित्रांवरून बनवलेल्या प्रतिमा. त्या प्रिय आहेत, आदराच्या आहेत, त्यांच्याविरुद्ध एक शब्दही नाही. पण आपल्या वस्तीचा, आपल्या आईचा, आपल्या विहिरीचा, आपल्या मोर्चाचा चेहरा छापून तिथेच शेजारच्या सतरंजीवर मांडणारा तरुण चित्रकार का दिसत नाही? त्याच्याकडे हात आहे, विषय आहे, घेणारे हजारो लोक समोर आहेत. छापण्याची जागा नाही.

फ्लेक्सने जे केले ते तर डोळ्यांदेखत झाले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाट्या रंगवणारे पेंटर एकेक करून कामाला मुकले. प्रत्येक गावाचे अक्षर वेगळे होते; कुणाचा ‘श’ ठेंगणा, कुणाच्या मात्रेला शेपूट. फ्लेक्स स्वस्त आला, एका तासात आला, आणि गावाचे अक्षर कायमचे गेले. त्या वेळी कुणी फारशी हरकत घेतली नाही, कारण ग्राहकाला पाटी स्वस्त मिळत होती. आता तोच प्रकार चित्राच्या बाबतीत आणखी वेगाने होऊ लागला आहे. संगणकाला चार शब्द सांगितले की गणपती, शिवराय, शेतकरी, काय हवे ते चित्र सेकंदात तयार होते. हे चित्र कुणाच्या हाताचे नाही आणि ते जिथे बनते ते यंत्र तर आपल्या तालुक्यातच काय, आपल्या देशातही असेलच असे नाही. रविवर्म्याच्या काळात निदान मळवलीला जाऊन दगड पाहता येत होता.

या सगळ्यात आणखी एक नुकसान होते आहे. ‘लिथोग्राफ’ हे नाव आता कशालाही लागते. चित्राचा फोटो घेऊन यंत्रावर काढलेली प्रत, खाली चित्रकाराची सही, कोपऱ्यात ‘१२/१००’ असा आकडा, की ती मर्यादित प्रत म्हणून विकली जाते. सही खरी असेल, आकडाही खरा असेल, तरी तो शिळाछाप नव्हे. ओळखायचे असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. ऑफसेटच्या प्रतीत चार रंगांचे बारीक ठिपके ठरावीक वर्तुळांत मांडलेले दिसतात. डिजिटल प्रतीत शाईचा फवारा दिसतो. दगडावरच्या खडूच्या रेघेत मात्र दाणा वेडावाकडा असतो, जिथे दगड उंच तिथे शाई, खोल तिथे कोरा कागद. पाचशे रुपयांची प्रत पाच हजारांना घेणाऱ्या मध्यमवर्गीय रसिकाची ही फसवणूक आहेच, पण खरा तोटा दगडावर काम करणाऱ्याचा होतो. त्याच्या आठवडाभराच्या श्रमाची किंमत बाजारात पोस्टरच्या बरोबरीला येते आणि त्याला तो धंदा सोडावा लागतो.

आणि दगड? उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला मानला जातो. त्याचा दाणा इतका सूक्ष्म, की १८६१ साली तिथे सापडलेल्या पक्ष्याच्या जीवाश्मात पिसांचीही रेघ न् रेघ उमटलेली होती. आपल्या हिंगण्याच्या पायाखाली आहे तो काळा बेसाल्ट. त्यावर हे काम होत नाही. मोठे, निर्दोष दगड आता खाणीतूनही सहजी निघत नाहीत, त्यामुळे जगभरचे चित्रकार प्रामुख्याने जुन्या छापखान्यांतून वाचलेल्या दगडांवरच काम करतात. दोन फूट रुंद, अडीच फूट लांब आणि तीन इंच जाडीचा दगड नव्वद किलोच्या आसपास भरतो. छापखाना बंद पडला की नव्या मालकाला तो अडचण वाटतो. असे दगड जगभर फरशीत गेले, पायरीला लागले, फोडून पायात भरले गेले. यंत्र मोडले तर नवे करता येते. दगड फुटला की तो दगड गेला. वापरात मात्र तो फार हळू झिजतो. प्रत्येक कामानंतर घासताना जाडीचा अगदी पातळ थर जातो, त्यामुळे एका दगडावर पिढ्यान्‌पिढ्या काम करता येते.

दगडाहून लवकर संपणारी गोष्ट म्हणजे जाणकार माणूस. डिंकात ॲसिड किती थेंब घालायचे हे हवेवर, चित्रातल्या चरबीवर आणि दगडाच्या रंगावर ठरते. राखाडी दगड कठीण, पिवळसर दगड मऊ. विदर्भाच्या मे महिन्यात दगडावरचे पाणी किती लवकर उडेल आणि रूळ किती झपाझप फिरवावा लागेल, हे कुठल्याही जर्मन पुस्तकात लिहिलेले नाही. ते इथे काम करणाऱ्याच्या मनगटातच असू शकते आणि शेजारी उभे राहूनच शिकता येते. एक पिढी शेजारी कुणालाही उभे न करता निवृत्त झाली की ही साखळी तुटते.

अमेरिकेत ही वेळ १९५० च्या दशकातच आली होती. दगडावर छापून देणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. जून वेन या चित्रकर्तीने फोर्ड फाउंडेशनकडून पैसे मिळवून १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘टॅमरिंड’ नावाची कार्यशाळा काढली. तिचा मुख्य उद्देश चित्रे विकणे हा नव्हता. छापणारे कारागीर तयार करणे हा होता. १९७० साली ती न्यू मेक्सिको विद्यापीठात गेली आणि आजही चालू आहे. तिथून शिकून गेलेल्यांनी ठिकठिकाणी आपापल्या कार्यशाळा उभ्या केल्या. एका माणसाचा हट्ट आणि दहा वर्षांचे खात्रीचे पैसे एवढ्यावर एक कला पुन्हा उभी राहिली.

अमेरिका लांब वाटत असेल तर भोपाळ आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. १९८२ साली तिथे भारत भवन उघडले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाला तिथे आणले आणि भारत भवनाच्या ग्राफिक विभागात काम दिले. भिंतीवर मातीने काम करणारा हात कागदावर आणि छापील प्रतीवर आला, आणि त्यातून चित्राची जी रीत उभी राहिली तिच्यावर आज गोंड चित्रकारांची कितीतरी घरे जगतात. नागपूर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंदने. त्याच समाजाच्या चित्रकारांसाठी नागपूर परिसरात असा सार्वजनिक छापखाना असायला हरकत कोणती?

हिंगण्याचे नाव मी यासाठी घेतो, की लागणाऱ्या बहुतेक गोष्टी इथे आधीच आहेत. शिळाछापाचे हातयंत्र गुंतागुंतीचे नसते: दगड सरकवणारा पाट, वरून दाब देणारी चामडे लावलेली लाकडी पट्टी, एक दांडा, एक चाक. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला असे यंत्र बनवणे अवघड नाही. ट्रॅक्टर जुळवणाऱ्या वसाहतीला तर अजिबात नाही. डिंक हा बाभळीच्या कुळातल्या झाडांचा, विदर्भाला परका नाही. नागपुरात चित्रकलेचे शिक्षण देणारे सरकारी महाविद्यालय आहे, त्यातून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. पैशाचे म्हणाल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे वर्षाला पाच कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचे जतन स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. वसाहतीतली एखादी रिकामी शेड, एक यंत्र, दहा-बारा दगड, एक पगारी जाणता कारागीर आणि तीन उमेदवार. एवढ्याने सुरुवात होते. त्यात अट एकच असावी: आठवड्यातले दोन दिवस शेड कुणालाही खुली. कॉलेजचा दाखला मागायचा नाही.

शाळांनी तर शेडची वाटही पाहू नये. फ्रान्समधल्या एका चित्रकर्तीने स्वयंपाकघरात करता येईल अशी पद्धत काढली आहे. जाड ॲल्युमिनियम फॉइल सपाट पाटीवर ताणून गुंडाळायचे, त्यावर तेलकट खडूने किंवा साबणाच्या वडीने चित्र काढायचे, वरून कोला ओतायचा. त्यातले फॉस्फोरिक ॲसिड डिंक-ॲसिडाचे काम करते. मग खाद्यतेलाने रेघा पुसायच्या, ओल्या कापडाने फॉइल भिजवायचे, तेलकट शाईचा छोटा रूळ फिरवायचा आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे. वानाडोंगरीच्या जिल्हा परिषद शाळेतली सहावीची मुले हे एका दुपारी करू शकतात. दगडाची सर त्याला येणार नाही; पण पाणी जिथे आहे तिथे शाई का बसत नाही, हे मुलांना एकदा हाताने कळले की घरी येणारे वर्तमानपत्र ती वेगळ्या नजरेने पाहतील.

त्याच्याही आधी करायचे काम अगदी रुक्ष आहे आणि ते याच वर्षी व्हायला हवे. नागपूर आणि विदर्भातल्या जुन्या छापखान्यांत, वाड्यांत, शाळांच्या आणि कला संस्थांच्या गोदामांत शिळाछापाचे दगड कुठे कुठे पडले आहेत याची यादी करायची. लांबी, रुंदी, जाडी, रंग, कडा फुटल्या आहेत का, पाठीमागे जुने चित्र शिल्लक आहे का, एवढे लिहायचे आणि फोटो काढायचा. दगड सापडले तर ते आडवे एकावर एक रचू नयेत, मध्ये कागद घालून उभे ठेवावेत, नाहीतर भाराने तडे जातात. आणि घर पाडताना किंवा गोदाम रिकामे करताना कंत्राटदाराला ते मलब्यात देण्याआधी मालकाने एकदा चित्रकलेच्या शिक्षकाला बोलावून दाखवावे.